वाऱ्याला पाठ देऊन ल्वारकाठाने: आंझे ते ब्ल्वा सायकल प्रवासाची सविस्तर आखणी

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. आर्देश भागातील डोंगरात उगम पावून ती आधी उत्तरेकडे जाते, ऑर्लेआँजवळ पश्चिमेला वळते आणि सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करून अटलांटिक महासागराला मिळते. या नदीच्या काठाने ‘ला ल्वार आ व्हेलो’ नावाचा सुमारे ९०० किलोमीटरचा सायकल मार्ग आखलेला आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो-६ या मार्गाचाच तो एक भाग आहे. सुली-सुर-ल्वारपासून शालोनपर्यंतचा नदीचा पट्टा युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून नोंदवला. नाशिक परिसरातील वाईनच्या बाटलीवर ‘चेनिन ब्लांक’ हे नाव वाचलेल्यांची या खोऱ्याशी तोंडओळख आधीच झालेली आहे, कारण ते द्राक्ष मूळचे इथले.

या प्रवासाची आखणी करताना एक गोष्ट पहिल्यापासून लक्षात ठेवावी लागते. अधिकृत सायकल मार्ग नदीच्या पात्रालगत, बांधावरून आणि पूरमैदानातून जातो, तर द्राक्षबागा बहुतांशी वरच्या उतारांवर आणि पठारावर आहेत. नुसत्या पाट्यांच्या मागे गेलेला सायकलस्वार नदी, विलो आणि पॉपलरची झाडे, राजवाडे हे सगळे मनसोक्त पाहतो. द्राक्षबागांचे मात्र त्याला दुरूनच दर्शन होते. म्हणून सकाळी काठाने जायचे, मध्येच पाटी सोडून उतार चढायचा, बागांतून काही किलोमीटर जाऊन पुन्हा नदीवर उतरायचे, अशी वीण प्रत्येक दिवशी घालावी. पुढील सर्व सूचना याच पद्धतीला धरून आहेत.

पट्टा आणि दिशा

संपूर्ण ९०० किलोमीटर करण्याचा मोह पहिल्या खेपेस टाळावा. एका आठवड्यासाठी आंझे ते ब्ल्वा हा पट्टा सर्वांत समृद्ध आहे. साव्हन्येर, लेयों, सोम्यूर, शिनों, बुर्गेय, वुव्रे आणि शव्हेर्नी ही वाईनची नावाजलेली क्षेत्रे या एकाच पट्ट्यात ओळीने येतात. शिवाय मेन, व्हिएन, अँद्र आणि शेर या उपनद्यांची खोरीही याच भागात ल्वारला मिळतात.

नदीच्या प्रवाहाबरोबर जाणे सोपे असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, पण इथे उतार इतका मंद आहे की तो पायांना जाणवतच नाही. जाणवतो तो वारा, आणि या खोऱ्यात तो बहुतेक दिवस अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. उघड्या बांधावर समोरून येणारा वारा दिवसभर सोसणे हे चढापेक्षाही दमवणारे असते. म्हणून आंझेहून निघून प्रवाहाच्या उलट, पूर्वेकडे जावे, असे माझे ठाम मत आहे. या दिशेचा आणखी एक फायदा असा की शेवटचा मुक्काम पॅरिसच्या जवळ पडतो.

ऋतू

मे महिन्याचा मध्य ते जूनअखेर आणि संपूर्ण सप्टेंबर हे दोन काळ उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊ-पावणेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवसाची घाई राहत नाही. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची काढणी चालू असते, गावागावांत ट्रॅक्टर फिरत असतात आणि हवा थंडावलेली असते. मात्र त्या दिवसांत बागायतदारांना पाहुण्यांसाठी वेळ कमी असतो, हे समजून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये अलीकडे उष्णतेच्या लाटा येतात, मुक्काम महागतात आणि गाड्यांमध्ये सायकलींची गर्दी होते. हिवाळ्यात व वसंताच्या सुरुवातीला नदीला पूर येऊन मार्गाचे सखल भाग पाण्याखाली जाऊ शकतात. तशा वेळी पर्यायी रस्त्याच्या पाट्या लावतात आणि त्या पाळाव्यात.

नाशिककडच्या वाचकांना एक फरक लगेच दिसेल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. ल्वारमध्ये हिवाळ्यात वेल पूर्ण विश्रांती घेतो, छाटणी एकदाच होते आणि पीक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हाती येते. कोवळ्या फुटीवर एप्रिलमध्ये दहिवर (गोठलेले दव) पडले की वर्षाचे पीक जाते. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर असेच मोठे नुकसान झाले होते.

शरीराची तयारी आणि रोजचे अंतर

पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायचे लांब पल्ल्याचे सायकल प्रवास) करणाऱ्यांना साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पूर्ण करण्याची सवय असते, आणि त्या पद्धतीचे उगमस्थान फ्रान्सच आहे. तरीही या प्रवासात रोजचे अंतर ४० ते ७० किलोमीटरच ठेवावे. एक राजवाडा नीट पाहायला दोन-तीन तास जातात, वाईनच्या एका तळघराला तास लागतो आणि दुपारचे जेवण घाईने उरकण्यासारखे नसते. एका दिवशी १०० किलोमीटर ठरवले की यांतले काहीतरी गळते, आणि बहुधा गळतात त्या द्राक्षबागाच.

तयारी म्हणून दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीन दिवस सायकल चालवावी आणि शेवटच्या महिन्यात सलग तीन दिवस, रोज ५०-६० किलोमीटर, सामानासह चालवून पाहावी. एका दिवसाच्या लांब पल्ल्यापेक्षा सलग दिवसांचा सराव इथे जास्त उपयोगी पडतो. चढ लहान आहेत; नदीपासून पठार साधारण ५०-६० मीटर उंच असते, पण बागांतून वर जाणारे रस्ते थोड्याच अंतरात ती उंची गाठतात, त्यामुळे काही ठिकाणी चढ तीव्र लागतो.

सायकल: न्यायची की भाड्याने घ्यायची

मार्गाचा पृष्ठभाग एकसारखा नाही. बराचसा भाग गुळगुळीत डांबरी ग्रामीण रस्त्यांचा आहे, पण मध्येच दाबून बसवलेल्या वाळू-खडीचे पट्टे लागतात आणि बागांमधल्या वाटा खडीच्या असतात. २५ मिलिमीटरचे टायर लावलेली शर्यतीची सायकल या वाटांवर त्रास देते. २८ ते ३२ मिलिमीटर टायर असलेली रोड सायकल किंवा ग्रॅव्हल सायकल सर्वांत योग्य. गिअरमध्ये पुढे ३४ आणि मागे किमान ३० दात असावेत, म्हणजे सामानासह चढता येते.

स्वतःची सायकल न्यायची असेल तर विमानाच्या आरक्षणाबरोबरच तिची नोंदणी करावी आणि वजनाची मर्यादा पाहावी. पेडल काढताना डाव्या पेडलचा आटा उलटा असतो हे विसरू नये. मागचा डिरेल्यर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधावा आणि त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, म्हणजे गिअर हँगर, एक जादा ठेवावा, कारण तुमच्याच सायकलचा हँगर लहान गावात मिळणे अवघड असते. हवा भरण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, तेव्हा साधा हातपंपच न्यावा. खोक्याचा प्रश्न मात्र उरतोच: आंझेला सोडलेले खोके ब्ल्वाला कसे मिळणार? त्यामुळे सपाट मऊ पिशवी घेऊन ती सामानवाहू सेवेमार्फत पुढे पाठवणे किंवा परतीसाठी एखाद्या सायकल दुकानातून पुठ्ठ्याचे रिकामे खोके मागून घेणे, हे दोनच व्यवहार्य मार्ग आहेत.

बहुतेकांसाठी भाड्याची सायकलच सोयीची. या खोऱ्यात एका शहरात सायकल घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्याची सोय मिळते. मात्र तिथे प्रामुख्याने आरामशीर पर्यटन सायकली असतात. रोड सायकल हवी असल्यास दोन-तीन महिने आधी लिहून आपली उंची, पायाच्या आतल्या बाजूचे माप आणि पेडलचा प्रकार कळवावा. खोगीर आणि पेडल घरून नेले तर परक्या सायकलवरही शरीर लवकर रुळते.

व्हिसा, गाडी आणि मुक्काम

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा देणाऱ्या या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळणे कठीण होत असल्याने तीन महिने आधी हालचाल करावी. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो घेताना सायकलिंगमधील अपघात त्यात धरले आहेत का, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. अर्जासोबत रोजच्या मुक्कामाची आरक्षणे द्यायची असतात, म्हणून रद्द करता येणारी आरक्षणे करून दिवसवार मार्ग एका पानावर स्वच्छ लिहून जोडावा.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून अतिवेगवान गाडी सुमारे दीड तासात आंझेला पोहोचते. शार्ल द गोल विमानतळाच्या स्थानकातूनही काही थेट गाड्या आहेत. पूर्ण बांधलेली सायकल अशा गाडीत न्यायची असेल तर तिच्यासाठी वेगळे आरक्षण लागते आणि जागा थोड्या असतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल नेणे सोपे आहे, पण उन्हाळ्यात काही गाड्यांना आधी नोंदणी करावी लागते. या पट्ट्याचे मोठे सुख असे की आंझे, सोम्यूर, तूर, आंब्वाझ आणि ब्ल्वा ही सगळी गावे लोहमार्गाने जोडलेली आहेत. पाय दुखावला, पाऊस लागला किंवा सोबत्याला बरे नसले, तर जवळच्या स्थानकावर जाऊन पुढचा मुक्काम गाठता येतो. वयस्क सोबती असतील तर हा आधार फार मोठा ठरतो.

मुक्काम निवडताना ‘आक्योय व्हेलो’ ही खूण पाहावी. ही राष्ट्रीय मानांकनाची खूण लावणारी ठिकाणे सायकल मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात; सायकलसाठी कुलूपबंद जागा आणि किरकोळ दुरुस्तीची हत्यारे ठेवणे त्यांना बंधनकारक असते. गावातील घरगुती निवासात राहणार असाल तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत पोहोचायचे हे आधी विचारावे, कारण चोवीस तास उघडा स्वागतकक्ष इथे क्वचितच असतो.

नकाशा वाचणे

मोबाईलवर मार्ग उतरवून ठेवावा, पण त्यासोबत मिशलॅंचा कागदी प्रादेशिक नकाशाही घ्यावा. त्यावर लाल रेषा म्हणजे मोठे वर्दळीचे रस्ते, पिवळ्या म्हणजे मधले आणि पांढऱ्या म्हणजे गावांना जोडणारे लहान रस्ते. ज्या रस्त्याला हिरवी किनार आहे तो निसर्गरम्य. पांढरा किंवा हिरव्या किनारीचा पिवळा रस्ता हा सायकलस्वाराचा, असे समजून संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची वीण पेन्सिलने आखावी. ‘ए’ अक्षराच्या रस्त्यांवर (द्रुतगती मार्ग) सायकलला पूर्ण बंदी आहे, ‘एन’ (राष्ट्रीय रस्ते) टाळावेत, आणि ‘डी’ (जिल्हा पातळीवरचे) रस्त्यांचा क्रमांक पाहून भुलू नये: त्यांत शांत वाटाही आहेत आणि ट्रकांनी भरलेले हमरस्तेही.

दिवसवार मार्ग

पहिला दिवस आंझेहून पश्चिमेला फेरी मारून परत येण्याचा, सुमारे ५०-६० किलोमीटरचा. सामान खोलीवर ठेवावे, म्हणजे सायकलची सवय हलक्या अंगाने होते. मेन नदीच्या काठाने बूशमेनला गेले की तिथे मेन ल्वारला मिळते. पुढे उत्तर काठावर साव्हन्येर आहे. इथल्या उतारांवर शेनँ ब्लाँ, म्हणजे आपल्याकडच्या चेनिन ब्लांक, द्राक्षापासून कोरडी (गोडवा नसलेली), दीर्घायुषी पांढरी वाईन बनते. नाशकातली ताजी, हलकी चेनिन ज्यांनी चाखली आहे त्यांनी हेच द्राक्ष थंड हवेत आणि पातीच्या दगडाच्या जमिनीत किती वेगळे बोलते ते इथे अनुभवावे. बेव्हार या नदीतील बेटावरून दक्षिण काठी रोशफोरला उतरावे आणि तिथून शालोनपर्यंत कोर्निश आंझव्हिन हा डी-७५१ रस्ता धरावा. अधिकृत मार्ग खालून सपाटीने जातो. हा रस्ता कड्यावरून जातो, एका बाजूला ल्वारची पूरमैदाने आणि दुसऱ्या बाजूला लेयों नदीचे खोरे दाखवतो. लेयोंच्या काठी शरदात सकाळचे धुके आणि दुपारचे ऊन यांमुळे द्राक्षांवर एक उपकारक बुरशी धरते, त्यांतील पाणी उडते, साखर दाट होते आणि त्यातून गोड वाईन तयार होते. पट्ट्यातला सर्वांत सुंदर सायकल रस्ता मला विचाराल तर हाच.

दुसऱ्या दिवशी आंझे ते सोम्यूर, साधारण ६० ते ७० किलोमीटर. ले पों-द-से ओलांडून बांधाने पूर्वेला निघावे. हे बांध बाराव्या शतकापासून रचले आणि उंचावले गेले. त्यांच्यामागची शेते आणि घरे पात्रातील पुराच्या पातळीपेक्षा खाली आहेत, हे चालत्या सायकलवरून स्पष्ट दिसते. सावली मात्र कमी, म्हणून हा भाग सकाळीच उरकावा. जेनला पुलांवरून दक्षिण काठी यावे. जून १९४० मध्ये सोम्यूरच्या घोडदळ शाळेच्या कॅडेटांनी जर्मन सैन्याला अडवण्यासाठी या परिसरातील पूल लढवले होते. क्युनोचे रोमनेस्क चर्च पाहून सें-तिलेर-सें-फ्लोराँच्या तळघरांपाशी पोहोचता येते. सोम्यूरची फेसाळ वाईन इथेच मुरते. आकेरमान या वाईन पेढीची सुरुवात १८११ मधील आहे.

तिसरा दिवस सोम्यूर ते शिनों. अंतर जेमतेम ४० किलोमीटर, पण पूर्ण दिवस द्यावा. सूझे, पार्ने, तुर्कां या गावांमध्ये अधिकृत मार्ग स्वतःच उतार चढून बागांत शिरतो, त्यामुळे इथे पाटी सोडावी लागत नाही. तुफो नावाचा पांढरा मऊ चुनखडक कापून राजवाडे बांधले गेले आणि उरलेल्या पोकळ्यांत लोकांनी घरे केली, वाईन साठवली, अळंबी पिकवली. सोम्यूर-शांपिन्यी ही काबेर्ने फ्राँ या द्राक्षाची तांबडी वाईन याच खडकावर होते. मोंसोरोहून चार-पाच किलोमीटर आत फोंतव्रोचा मठ आहे. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, राणी एलेनोर आणि त्यांचा मुलगा रिचर्ड यांच्या समाध्या तिथे आहेत. परतून कांद-सें-मार्तांला यावे आणि चर्चच्या मागची वाट चढून व्हिएन-ल्वार संगम पाहावा. पुढे व्हिएनच्या काठाने शिनों गाठावे. १४२९ मध्ये जोन ऑफ आर्क फ्रान्सचा राजा सातवा शार्ल याला भेटली ती इथल्याच किल्ल्यात.

चौथ्या दिवशी शिनों ते तूर. दोन पर्याय आहेत. राजवाड्यांची ओढ असेल तर युसे, आझे-ल-रिदो आणि विलांद्री या मार्गाने अँद्रच्या खोऱ्यातून जावे. सुमारे ६५ किलोमीटर होतात आणि विलांद्रीनंतर शेरच्या काठची सपाट वाट थेट तूरला नेते. वाईनची ओढ असेल तर ल्वार ओलांडून उत्तरेला बुर्गेयला जावे, तिथून उताराच्या पायथ्याने लांजेपर्यंत यावे आणि पुलावरून पुन्हा दक्षिणेला येऊन विलांद्री गाठावे. शिनोंहून बुर्गेयला जाणाऱ्या पुलावर वाहने वेगाने जातात, म्हणून तो सकाळी लवकर ओलांडावा. बुर्गेयमध्ये एकच द्राक्ष दोन वेगळ्या वाईन देते: नदीलगतच्या वाळू-खडीत हलकी, तर वरच्या तुफोच्या उतारावर भरीव. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून चाखल्याशिवाय हा फरक समजत नाही.

पाचवा दिवस मुद्दाम छोटा, तूर ते आंब्वाझ, ३० ते ३५ किलोमीटर. अधिकृत मार्ग दक्षिण काठाने मोंलुईवरून जातो. त्याऐवजी उत्तर काठाने रोशकोर्बों आणि वुव्रेला जावे. काठालगतचा डी-९५२ हा मोठा रस्ता अरुंद कडेचा आणि वर्दळीचा आहे. त्यावर रेंगाळू नये. रोशकोर्बोंतच उतार चढून पठारावरील पांढऱ्या रस्त्यांनी वुव्रेच्या बागांतून वेर्नूला उतरावे आणि नोझे, नाझेलमार्गे आंब्वाझच्या पुलावर यावे. वुव्रेमध्ये शेनँपासून कोरडी, मध्यम गोड, गोड आणि फेसाळ अशा चारही प्रकारांची वाईन होते, आणि कोणत्या वर्षी कोणती किती करायची ते हवा ठरवते.

सहाव्या दिवशी शोमोंवरून ब्ल्वा, साधारण ४० किलोमीटर. शोमोंला १९९२ पासून दरवर्षी भरणारा उद्यान महोत्सव पाहावा. सातव्या दिवशी ब्ल्वाहून शांबोर आणि परत. १५१९ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने बांधायला घेतलेल्या या राजवाड्याच्या वनाभोवती ३२ किलोमीटरची भिंत आहे. पायांत जोर असेल तर येताना कूर-शव्हेर्नीवरून यावे. तिथली पांढरी वाईन रोमोरांतां या द्राक्षाची असते, आणि ते इतरत्र जवळपास कोठेच लावले जात नाही.

रस्त्यावरचे नियम

वाहतूक उजवीकडून चालते. गर्दीत ही गोष्ट आपोआप लक्षात राहते. धोका असतो तो सकाळी बेकरीतून बाहेर पडून रिकाम्या रस्त्याला लागताना, कारण तेव्हा सवयीने आपण डाव्या बाजूला जातो. पहिले तीन दिवस प्रत्येक थांब्यानंतर निघताना सोबत्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावे.

गावांमध्ये खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते, मग तो गल्लीबोळातून येत असला तरी. कोनावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली तर प्राधान्य तुमच्या रस्त्याला आहे. तीवर काळी रेघ असेल तर ते संपले. गोल निळी सायकलची पाटी असेल तेव्हा सायकलमार्गच वापरावा लागतो, चौकोनी असेल तर तो ऐच्छिक. घंटा, पुढचा व मागचा दिवा आणि परावर्तक सायकलवर असावेच लागतात. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकदार जाकीट सक्तीचे आहे. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट बंधनकारक आहे, पण मोठ्यांनीही ते घालावेच. कानात इअरफोन घालून किंवा हातात मोबाईल धरून सायकल चालवणे दंडनीय आहे. मोटारीने सायकलला ओलांडताना गावात एक मीटर आणि बाहेर दीड मीटर अंतर सोडणे कायद्याने आवश्यक आहे, आणि बहुतेक चालक ते सोडतात. त्यांना जागा देण्यासाठी एका ओळीत यावे. आपत्कालीन क्रमांक ११२.

खाणे आणि पाणी

फ्रान्सच्या खेड्यांत भूक लागल्यावर खायला मिळेलच असे नाही. दुपारचे जेवण १२ ते २ या वेळेतच मिळते, रात्रीचे सात-साडेसातनंतर. मधल्या वेळी स्वयंपाकघर बंद असते. रविवारी दुपारनंतर आणि अनेक ठिकाणी सोमवारी दुकाने बंद असतात. १ मे, ८ मे, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट या सुट्ट्या प्रवासात येत असतील तर आदल्या दिवशी खाणे घेऊन ठेवावे. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीतील नळ हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. मात्र नळावर ‘नों पोताब्ल’ लिहिले असेल तर ते पिऊ नये.

शाकाहारींनी जास्त काळजी घ्यावी. सॅलडमध्ये न सांगता डुकराच्या मांसाचे तुकडे येतात, सूप मांसाच्या रसात केलेले असते. ‘साँ व्यांद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे मागणी देतानाच सांगावे. सोम्यूरच्या गुहांमधील खाणावळींत ‘फुए’ नावाची गरम फुगलेली भाकरीसारखी रोटी मिळते. ती पांढऱ्या घेवड्यासह आणि बकरीच्या चीजसह खावी, पोट भरते. सेंत-मोर-द-तूरेन हे मधोमध गवताची काडी असलेले चीज या खोऱ्याचे भूषण आहे, पण पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या जठरातील विरजण वापरतात, हे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सामानात चिवडा, दाण्याची चिक्की आणि थोडी भाजलेली कणीक असली की सोमवारची दुपार निभावते.

तळघरात वाईन चाखताना

रक्तातील मद्याची प्रतिलिटर ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. त्याहून मोठे कारण असे की दोन ग्लासांनंतर उन्हात चढ-उताराच्या रस्त्यावर तोल आणि निर्णय दोन्ही ढळतात. म्हणून रोज एकच तळघर ठरवावे, ते मुक्कामाच्या जवळ असावे आणि वेळ दुपारी चारनंतरची घ्यावी. आदल्या दिवशी फोन किंवा ईमेल करून वेळ मागितली तर लहान बागायतदार स्वतः उभे राहून सविस्तर माहिती देतात. १२ ते २ मध्ये दार वाजवू नये. चाखून थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरणे अजिबात असभ्य नाही. जाणकार तेच करतात. क्रम कोरड्यापासून गोडाकडे ठेवावा. चाखण्याचे शुल्क नसेल तर एखादी बाटली घेणे हा शिष्टाचार आहे. तळघरातील तापमान बाराही महिने बारा-तेरा अंशांच्या आसपास असते, त्यामुळे घामाने भिजलेल्या अंगावर आत जाताना जाकीट चढवावे. आठवडा सर्दीत घालवण्याचे ते सर्वांत सोपे कारण आहे.

बागांतून जाताना वेलींवरची द्राक्षे तोडू नयेत. ते कोणाचे तरी पीक असते आणि त्यावर फवारणी झालेली असते. फवारणीचे यंत्र समोर दिसले तर ते पुढे जाईपर्यंत थांबावे. दोन ओळींमधील मातीच्या वाटा खासगी आहेत, पण डांबरी व खडीच्या गाववाटांवर कोणी अडवत नाही.

बाटल्या सायकलच्या पिशवीत वाहू नयेत. सहा किंवा बारा बाटल्यांचे खोके पॅरिसच्या मुक्कामी पाठवण्याची सोय अनेक बागायतदार करतात. भारतात परतताना दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या निर्धास्तपणे बसतात. त्यांतली एक साव्हन्येर किंवा वुव्रेची शेनँ आणि दुसरी शिनोंची तांबडी घ्यावी. ब्ल्वाहून पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकाकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्यांत सायकलसह बसता येते. भाड्याची सायकल ब्ल्वालाच परत केली असेल तर कोणतीही गाडी चालते. विमानाच्या आदल्या संध्याकाळीच पॅरिसला पोहोचावे, कारण रेल्वेचा संप किंवा चुकलेली गाडी यांसाठी एक रात्र हाताशी असलेली बरी.